हळदीकुंकू घ्या, पण लांबूनच!

परवा एका मित्राचा फोन. ‘‘फार्महाऊसवर छोटंसं तळं केलंय. त्यात ती चोचीवर लाल ठिपके असलेली बदकं सोडायचीयत. कुठे मिळतील गं?’’
‘‘मिळणार नाहीत. पण रविवारी पहाटे उठणार असशील तर दाखवते!’’

पुण्याजवळ सोलापूर रस्त्यावरच्या कवडीपाटला पोचलो. मुळा-मुठेचं फेसाळ पाणी बघून स्वारीने नाक दाबलं. तेवढ्यात समोर जोडी आली. काळी चोच, टोकाला हळदीचं बोट आणि बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके. म्हणूनच हे ‘हळदीकुंकू बदक’. गंमत म्हणजे, हा मान इथे नरालाही आहे!

हिवाळ्यात येणाऱ्या चक्रवाकासारखं हे पाहुणं नाही, पक्कं इथलं. खाण्यासाठी बुडी मारत नाही. डोकं पाण्यात, शेपूट आभाळाकडे, असं शीर्षासन करून पाणवनस्पती आणि किडे टिपतं. पावसाळ्यात पाण्याकाठच्या दाट गवतात, जमिनीवरच घरटं. अंड्यातून निघालेली पिल्लं लगेच आईमागून पाण्यात उतरतात. त्यामुळे एखादं पिल्लू एकटं दिसलं की ‘वाचवायला’ धावू नका. आई बहुधा जवळच असते.

पिंजऱ्यात ही बदकं जगत नाहीत असं नाही. प्राणिसंग्रहालयांत ती राहतात, अंडीही घालतात. परदेशातल्या काही संग्रहांत मात्र पक्षी उडून जाऊ नये म्हणून पंखाचं टोकच कापलेलं असतं. आपल्याकडे तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे यांना पकडणं आणि विकणं हा सरळ गुन्हा आहे.

‘‘मग बाजारातली पांढरी बदकं सोडतो,’’ मित्र म्हणाला. थांब, बॉस! बहुतेक पाळीव बदकं मूळच्या मॅलार्ड जातीची, म्हणजे हळदीकुंकूची जवळची भावकी. दोघांचा संकर होऊ शकतो. न्यूझीलंडमध्ये बाहेरून आणलेल्या मॅलार्डशी संकर होत गेला आणि तिथलं अस्सल ग्रे डक आज दुर्मीळ झालंय. त्यामुळे हौसेने आणलेली आणि नकोशी झालेली बदकं गावच्या तलावात सोडणं म्हणजे पुण्य नव्हे.

मित्राने बदकं आणली नाहीत. तळ्याच्या एका काठाचं गवत कापणं तेवढं थांबवलंय. बघू, येत्या पावसाळ्यात हळदीकुंकवाला कोण येतं ते!