स्थलनिर्देशक आंकड्यांचें प्रामाण्य

शिलालेख, वीरगळ, सीमेचे दगड यांची माहिती पाठवितांना हल्लीं अनेक अभ्यासक मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश जोडतात. रस्ता रुंद झाला, दगड हलविला गेला, तरी मूळ जागा पुढील पिढीस सांपडावी, हा हेतु स्तुत्य होय. परंतु आंकडा कोणत्या आधारावर उभा आहे हें न सांगतां तो छापल्यास तोच उद्यां संशोधकास भलत्या जागीं नेईल. म्हणून आरे-वारे येथील किनाऱ्याच्या उदाहरणानें या शास्त्रांतील मुख्य संज्ञांचा उलगडा करूं.

उपग्रह आपली वेळ व आपलें स्थान रेडिओलहरींनीं कळवीत असतो. लहर पोंचण्यास लागलेल्या काळावरून अंतर निघतें. स्थानाचीं तीन परिमाणें व यंत्राच्या घड्याळाची चूक, अशा चार अज्ञात राशि असल्यामुळें निदान चार उपग्रह लागतात. सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक राहिली तरी अंतर ३०० मीटरांनीं चुकतें.

रत्नागिरीहून गणपतिपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी मार्गावर आरे व वारे यांच्या पुळणी असून मध्यें डोंगर आहे. त्याच्या अगदीं पायथ्याशीं उभें राहिल्यास आकाशाचा मोठा भाग झांकतो. उरलेले उपग्रह बहुतेक समुद्राच्याच बाजूस एकवटतात व गणित दुबळें होतें. या दुबळेपणाच्या मापास ‘डीओपी’ म्हणतात. तें जितकें लहान तितकें बरें. शिवाय कड्यावर आपटून आलेली लहर लांबचा मार्ग चालून येते व अंतर वाढवून सांगते.

सूक्ष्मता व यथार्थता या दोन गोष्टी भिन्न आहेत. एकाच अशुद्ध प्रतीवरून उतरलेल्या दहा पोथ्यांचा पाठ जुळतो, म्हणून तो शुद्ध ठरत नाहीं. तद्वत् दहा वाचनें जुळलीं तरी तीं सर्व एकाच बाजूस चुकलेलीं असूं शकतात. दशांशचिन्हापुढील सातवें स्थळ म्हणजे सुमारें एक सेंटिमीटर. मोकळ्या आकाशाखालींहि कांहीं मीटरांनीं चुकणाऱ्या मोबाइलच्या आंकड्यांत तें लिहिणें व्यर्थ होय.

तिसरी संज्ञा ‘डेटम’, अर्थात् ज्या आधारपृष्ठावरून मोजावयाचें तें. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे इ. स. १८३० च्या एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेले आहेत. मोबाइल ‘डब्ल्यूजीएस ८४’ वापरतो. एकाचे आंकडे दुसऱ्यावर तसेच मांडल्यास या किनाऱ्यावर जागा शंभर मीटरांहून अधिक सरकते. एवढ्या अंतरांत एका वाडीचा दगड सहज दुसऱ्या वाडींत जातो!

उंचीची गोष्ट याहून नवलाची आहे. कोंकणच्या किनाऱ्यावर सरासरी समुद्रपातळी या नव्या लंबगोलाच्या साठ मीटरांहून अधिक खालीं आहे. त्यामुळें आरे-वारे येथें कोरड्या वाळूवर उभ्या असलेल्या माणसास, केवळ लंबगोलावरून उंची मोजणारें यंत्र खोल पाण्यांत उभें करतें. यंत्र खोटें बोलत नाहीं. कोणत्या पृष्ठापासून मोजलें हें आपण विचारलेलें नसतें.

तेव्हां आमची विनंति इतकीच, कीं प्रत्येक आंकड्याबरोबर डेटम, यंत्राचा प्रकार, दाखविलेली संभाव्य चूक व मोजणीचा दिनांक लिहावा. आणि जवळचें देऊळ, विहीर वा पूल यांपासूनचें अंतर टेपनें मोजून जोडावें. साक्षीदाराचें नांव नसलेली साक्ष ज्याप्रमाणें आपण ग्राह्य मानीत नाहीं, त्याप्रमाणें निराधार आंकडाहि मानूं नये.