पडद्यावरील दोन नावे आणि पडद्यामागील अनेक हात : ‘द फ्लिंटस्टोन्स’च्या निर्मितीप्रक्रियेचा परिचय

प्रस्तावना

१९४० साली अमेरिकेतील मेट्रो-गोल्डविन-मेयर (एमजीएम) या चित्रपटसंस्थेने ‘पुस गेट्स द बूट’ हा लघु व्यंगचित्रपट प्रदर्शित केला. पुढे ‘टॉम अँड जेरी’ या नावाने जगप्रसिद्ध झालेली मांजर-उंदराची जोडी त्यात प्रथम दिसली. विल्यम हॅना (१९१०-२००१) आणि जोसेफ बार्बेरा (१९११-२००६) या दोघांनी तो घडविला होता. श्रेयनामावलीत मात्र त्यांचा उल्लेख नव्हता. नाव होते रुडॉल्फ आयझिंग यांचे. पुढे या मालिकेतील लघुपटांना सात ऑस्कर पारितोषिके मिळाली, तीही निर्माते फ्रेड क्विम्बी यांच्या नावे. चित्रे ज्यांनी घडविली ते या गौरवापासून दूरच राहिले.

काळाचा विनोद असा, की वीस वर्षांनंतर ‘हॅना-बार्बेरा’ हे जोडनावच एक मोठी पाटी बनले आणि त्या पाटीआड शेकडो कलावंत व कामगार झाकले गेले. दूरचित्रवाणीवरील व्यंगचित्रमालिकेचा कर्ता कोण, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका सोपा नाही. प्रस्तुत लेखात ‘द फ्लिंटस्टोन्स’ या मालिकेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. ही मालिका अमेरिकेतील एबीसी जालावर ३० सप्टेंबर १९६० ते १ एप्रिल १९६६ या काळात सहा पर्वांत प्रसारित झाली व तिचे १६६ भाग निघाले. सायंकाळच्या मुख्य प्रसारणवेळेत, म्हणजे प्रौढ प्रेक्षकांसाठी राखीव मानल्या गेलेल्या वेळेत, स्थान मिळविणारी ती पहिली व्यंगचित्रमालिका होय. भारतात १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क ही वाहिनी सुरू झाल्यानंतर हॅना-बार्बेरा यांची पात्रे आपल्याकडील घरांतही परिचयाची झाली.

काटकसरीचे गणित

एमजीएमने आपला व्यंगचित्र विभाग १९५७ मध्ये बंद केला. त्याच वर्षी हॅना व बार्बेरा यांनी दिग्दर्शक जॉर्ज सिडनी यांच्या साहाय्याने स्वतःची संस्था स्थापन केली. बेकार झालेले अनेक जुने सहकारी त्यांच्याकडे आले. परिस्थिती मात्र पूर्णपणे पालटली होती. चित्रपटगृहासाठीच्या सात मिनिटांच्या एका लघुपटावर एमजीएम काही दशसहस्र डॉलर खर्च करीत असे. ‘रफ अँड रेडी’ या नव्या संस्थेच्या पहिल्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी पाच मिनिटांच्या एका भागाला सुमारे २,७०० डॉलर मिळाले.

या आकड्यांचा अर्थ साध्या गणिताने ध्यानात येतो. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. सात मिनिटांच्या चित्रपटात १०,०८० चौकटी होतात. एक चित्र दोन चौकटींना पुरविले, तरी एका पात्राच्या सलग हालचालीसाठी ५,०४० चित्रे काढावी लागतात. ‘फ्लिंटस्टोन्स’चा भाग सुमारे २५ मिनिटांचा होता, म्हणजे ३६,००० चौकटींचा, आणि असा एक भाग दर आठवड्याला प्रेक्षकांपुढे जावयाचा होता. पहिल्याच पर्वात २८ भाग झाले. जुन्या पद्धतीने हे काम कोणत्याही संस्थेच्या आवाक्यातले नव्हते.

यावर उपाय म्हणून ‘मर्यादित ॲनिमेशन’ची पद्धत अवलंबिली गेली. पात्राचे शरीर स्थिर ठेवून केवळ डोके, हात, डोळे वा ओठ हलवावयाचे. हे अवयव पारदर्शक सेल्युलॉइडच्या, म्हणजे ‘सेल’च्या, निरनिराळ्या थरांवर काढले जात. डोके व धड यांचा सांधा दिसू नये म्हणून पात्राच्या गळ्यात काहीतरी अडकविणे सोयीचे ठरे. योगी बेअर या अस्वलाची कॉलर आणि टाय हे त्याचे ठळक उदाहरण. आदिमानव असूनही फ्रेड फ्लिंटस्टोन टाय घालतो, त्याचेही इंगित हेच. फ्रेड घरात धावत असताना तीच खिडकी आणि तोच दिवा पुनःपुन्हा मागे सरकताना दिसतात. प्रेक्षक त्याला हसतात. परंतु तीच पार्श्वभूमी पुन्हा वापरल्यामुळे चित्रकाराचा वेळ वाचत असे, आणि त्या वेळेवरच मालिकेचे आठवड्याचे वेळापत्रक उभे होते.

हॅना व बार्बेरा यांच्यातही कामाची वाटणी होती. प्रसंग, विनोद व रेखाटने ही बार्बेरा यांची बाजू. कोणती हालचाल किती चौकटी टिकावी याचे वेळेचे गणित ही हॅना यांची. मालिका विकण्याचा भार बार्बेरा यांनी उचलला. न्यूयॉर्कमध्ये सुमारे आठ आठवडे ते संभाव्य खरेदीदारांपुढे चित्रफलक मांडून सगळ्या पात्रांचा अभिनय स्वतः करून दाखवीत होते. पुष्कळ नकारांनंतर एबीसीने मालिका स्वीकारली.

पाषाणयुग कोणाचे ?

‘द हनीमूनर्स’ या लोकप्रिय विनोदी मालिकेतील शेजारधर्म आणि नवरा-बायकोचे खटके पाषाणयुगात नेले, की ‘फ्लिंटस्टोन्स’ होते, असे ढोबळमानाने म्हणता येते. ही पाषाणयुगाची कल्पना नेमकी कोणाची, याविषयी सहभागी व्यक्तींच्याच आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. बार्बेरा यांच्या कथनानुसार रोमन, काउबॉय इत्यादी वेषांत पात्रे रेखाटून पाहिल्यानंतर कातडी पांघरलेले कुटुंब सर्वांना पसंत पडले. प्रारंभीच्या भागांची कथाचित्रे रेखाटणारे डॅन गॉर्डन यांच्याकडेही या कल्पनेचे श्रेय दिले जाते. अशा वादाचा निर्णय शोधण्यापेक्षा त्याचे कारण ओळखणे अधिक उपयुक्त ठरावे. एका खोलीत, एकाच फलकाभोवती चार-पाच जण बोलत असताना जन्मलेल्या कल्पनेला एकच जनक शोधणे हीच मुळात ओढाताण आहे.

पात्रांच्या रूपाबाबत मात्र संदिग्धता नाही. फ्रेड, विल्मा, बार्नी व बेटी यांना आकार दिला तो एड बेनेडिक्ट (मृत्यू २००६) यांनी. एमजीएममध्ये असताना १९५५ च्या ‘द फर्स्ट बॅड मॅन’ या टेक्स एव्हरी दिग्दर्शित लघुपटासाठी त्यांनी पाषाणयुगीन टेक्सासचे चित्रण केले होते. नव्या मालिकेसाठी त्यांनी आरंभी अधिक रानटी, वाकलेले, केसाळ आदिमानव काढले. ते बार्बेरा यांना रुचले नाहीत. मग रेषा स्वच्छ झाल्या. जाड बाह्यरेषेची व थोड्या आकारांत मावणारी ही पात्रे कोणत्याही चित्रकाराला भराभर काढता येत. सौंदर्यदृष्टी आणि उत्पादनाची गरज येथे एकाच पेन्सिलीतून उतरल्या आहेत.

संवादलेखन वॉरन फॉस्टर, मायकेल मॉल्टीज आदींनी केले. हे दोघे वॉर्नर ब्रदर्सच्या व्यंगचित्रविभागात मुरलेले लेखक. ॲनिमेशनसाठी कार्लो विंची, केनेथ म्यूज, आयर्व्ह स्पेन्स यांच्यासारखी अनुभवी मंडळी होती. आरंभीच्या भागांत बऱ्याचदा एक वा दोनच ॲनिमेटर संपूर्ण भाग सांभाळीत. त्यामुळे जाणकार प्रेक्षक पात्राच्या चालण्यावरून आणि हातवाऱ्यांवरून ‘हा विंचींचा हात’ असे आजही ओळखू शकतो. कारखानी शिस्तीतही हस्ताक्षर पुसले गेले नव्हते, हे विशेष होय.

आवाज

हालचाल मर्यादित झाली तेव्हा पात्राला जिवंत करण्याचा भार आवाजावर आला. आवाज आधी ध्वनिमुद्रित होत आणि चित्रे नंतर त्याबरहुकूम काढली जात. या अर्थाने नट हे पहिले ॲनिमेटरच म्हणावे लागतील. फ्रेडचा आवाज ॲलन रीड यांचा, विल्माचा जीन व्हँडर पिल यांचा, बार्नीचा मेल ब्लँक यांचा, तर बेटीचा १९६४ पर्यंत बी बेनाडरेट व त्यानंतर गेरी जॉन्सन यांचा. फ्रेडची सुप्रसिद्ध ‘याबा डाबा डू’ ही आरोळी संहितेत नव्हती. तेथे साधा ‘याहू’ लिहिलेला होता. ध्वनिमुद्रणाच्या वेळी रीड यांनी परवानगी मागून हा बदल केला.

२४ जानेवारी १९६१ रोजी मेल ब्लँक यांना भीषण मोटार अपघात झाला व ते बेशुद्धावस्थेत गेले. मालिकेचे वेळापत्रक थांबणारे नव्हते. काही भागांत डॉज बटलर यांनी बार्नीचा आवाज दिला. पुढे ब्लँक शुद्धीवर आले. सर्वांगाला प्लास्टर असताना त्यांच्या बिछान्याभोवती ध्वनियंत्रणा मांडून व सहकलाकारांना भोवती उभे करून काम सुरू ठेवण्यात आले. बार्नीच्या खळखळत्या हास्यात या प्रसंगाचा मागमूसही ऐकू येत नाही.

संगीत हॉइट कर्टिन यांचे. आज सर्वांच्या ओठी असलेले शीर्षकगीत तिसऱ्या पर्वापासून (१९६२) वापरात आले. पहिल्या दोन पर्वांत निराळी धून होती.

मोबदल्याच्या बाबतीत व्हँडर पिल यांची हकिगत बोलकी आहे. त्यांनीच सांगितल्यानुसार त्यांना प्रत्येक भागासाठी २५० डॉलर मिळत. १९६६ मध्ये मालिका संपली तेव्हा पुनःप्रसारणाच्या मानधनाऐवजी १५,००० डॉलर एकरकमी घेण्याचा पर्याय त्यांनी स्वीकारला. त्या वेळी ती रक्कम मोठी वाटली. त्यानंतर मालिका अनेक दशके देशोदेशी दाखविली जात राहिली.

शाई, रंग आणि नावांची पट्टी

ॲनिमेटरने पेन्सिलीने काढलेल्या चित्रांवरून सेलवर शाईच्या रेषा उमटविणे आणि सेलच्या मागील बाजूने रंग भरणे, हे काम प्रामुख्याने स्त्रिया करीत. रेषा किंचित थरथरली, तर पडद्यावर पात्राची कड लकाकते; रंग एका चौकटीत चुकला, तर तो डोळ्याला खुपतो. तपासनीस प्रत्येक थर जुळवून पाही आणि मगच तो छायाचित्रकाराच्या टेबलावर जाई. प्रेक्षक प्रत्यक्षात पाहतो ती रेषा या स्त्रियांच्या हातची असते, ॲनिमेटरच्या पेन्सिलीची नव्हे. तरीही या कामाला ‘यांत्रिक’ म्हणण्याची प्रथा पडली. सत्तरच्या दशकातील हॅना-बार्बेरा मालिकांत विभागप्रमुख रॉबर्टा ग्रॉयटर्ट यांचे नाव दिसते. टेबलाशी बसलेल्यांची नावे नाहीत.

कामाचे इतके बारीक तुकडे करता आले, की ते तुकडे कोठेही पाठविता येतात. सत्तरच्या दशकात संस्थेने सिडनी येथे शाखा उघडली. संस्थेत पूर्वी काम केलेल्या जेम्स वाँग यांनी १९७८ मध्ये तैपेई येथे स्टुडिओ काढला व तेथेही काम जाऊ लागले. लॉस एंजेलिसमधील व्यंगचित्र कामगारांच्या संघटनेने १९७९ मध्ये संप करून, स्थानिक कामगार उपलब्ध असताना काम बाहेर पाठवू नये, अशी अट मिळविली. तीच अट टिकविण्यासाठी १९८२ मध्ये झालेला सुमारे दहा आठवड्यांचा संप मात्र अयशस्वी ठरला. ज्या पद्धतीमुळे १९५७ मध्ये बेकार ॲनिमेटरांना काम मिळाले होते, तिनेच पंचवीस वर्षांनी त्यांच्या वारसदारांचे काम काढून घेतले. तैपेईच्या रंगकामगारांना त्यातून रोजगार मिळाला, हेही येथे नोंदवावयास हवे.

‘फ्लिंटस्टोन्स’ पुनःप्रसारणासाठी विकली गेली, तेव्हा पहिल्या दोन पर्वांच्या भागांची मूळ प्रारंभ व समाप्तीची दृश्ये कापून तेथे नंतरच्या पर्वांची दृश्ये जोडण्यात आली. परिणामी कोणता भाग कोणी लिहिला आणि कोणी हलता केला, याची त्या त्या भागाची नोंद कित्येक वर्षे प्रेक्षकांच्या नजरेआड गेली. नव्वदच्या दशकापासून मूळ दृश्ये शोधून पुन्हा जोडण्याचे काम झाले. आता आरंभीच्या भागांच्या अखेरीस लेखक व ॲनिमेटर यांची नावे पुन्हा वाचता येतात. रंग भरणाऱ्यांची ओळ त्या मूळ पट्टीतही नव्हती.