विशेष मुलांच्या वर्गात खेळ हाच तास

सकाळी भिंतीवर चित्रांची पट्टी लागते: प्रार्थना, खेळ, डबा, घर. ‘आता पुढे काय?’ ही धास्ती स्वमग्न मुलांपैकी अनेकांना असते; ती या पट्टीनं कमी होते. एक काम संपलं की त्याचं चित्र मुलानंच पट्टीवरून काढून खोक्यात टाकायचं.

मग कणकेचा गोळा. मळताना, चिमटे काढताना बोटांत येणारी ताकद पुढे बटण लावायला आणि पेन्सिल धरायला लागते. काहींना चिकट स्पर्श सहनच होत नाही. त्यांचा हात बळेच कणकेत घालू नये. आधी कोरडे तांदूळ द्यावेत, तेही चमच्यानं. (वस्तू तोंडात घालणारं मूल असेल तर चिंचोके, मणी वर्गात नकोतच.)

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो चेंडूचा साधा खेळ. बाई चेंडू घरंगळत देतात, मूल परत ढकलतं. माझी पाळी, तुझी पाळी: संभाषणाचा पाया हाच. मग बाई चेंडू धरून मुद्दाम थांबतात. मूल नजरेनं, हातानं, आवाजानं किंवा चित्र दाखवून चेंडू मागतं. बोलता न येणाऱ्या मुलाचं ते मागणं पुरतं बोलणंच असतं, आणि चेंडू लगेच मिळायलाच हवा.

खाचांत लाकडी आकार बसवायची फळी तर बहुतेक बालवाड्यांत असते. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच डॉक्टर एदुआर सेगँ यांनी ती बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी वापरली. त्यांच्याच कामावरून शिकून मारिया माँटेसोरींनी आधी अशाच मुलांना शिकवलं आणि १९०७ मध्ये रोममध्ये आपलं पहिलं बालगृह उघडलं.