नगरचा कैदी आणि कूतचा शिपाई

शिरूरला घोड नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो. दौंडला भीमा ओलांडली तरी तेच. दोन्ही वाटा नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला जातात. एक सडकेची, दुसरी 1878 मध्ये सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गाची. या दोन वाटांच्या टोकाला, नगरच्या लष्करी बराकींत, पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी जर्मन आणि ऑस्ट्रियन माणसं कोंडून ठेवली होती. त्यांत सैनिक होते, पण व्यापारी, खलाशी आणि मिशनरीही होते. पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून पकडलेले लोक समुद्र ओलांडून इथं आणले होते. बायका-मुलांसाठी वेगळी छावणी होती, ती बेळगावला.

आता थोडं दूर जाऊ, इराकमधल्या तैग्रिस नदीकाठी. 29 एप्रिल 1916 रोजी कूत इथं जनरल टाउनशेंडच्या फौजेनं 147 दिवसांच्या वेढ्यानंतर तुर्कांपुढं शस्त्रं खाली ठेवली. त्या फौजेचं नाव होतं सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी होत्या. सुमारे 13,000 माणसं कैद झाली. उपाशी, आजारी शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि त्यांतल्या अनेकांना रास-अल-ऐन इथं बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो माणसं परतलीच नाहीत.

तुर्क तेव्हा जर्मनीच्या बाजूनं लढत होते. म्हणून मला थक्क करतं ते हे की नगरच्या बराकीतला कैदी आणि रास-अल-ऐनचा मराठा शिपाई एकमेकांच्या नशिबाला बांधलेले होते. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. पण एकाच्या ताटात काय पडतं, याचा परिणाम दुसऱ्याच्या ताटावर होऊ शकत होता.

तो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. 1907 च्या हेग नियमांनी ठरवलं होतं की युद्धकैद्याला माणुसकीनं वागवायचं, त्याला पकडणाऱ्या देशाच्या स्वतःच्या सैनिकांइतकं अन्न, अंथरूण आणि कपडे द्यायचे, आणि त्याच्या पत्रांना टपालखर्च लावायचा नाही. प्रत्येक लढणाऱ्या देशानं कैद्यांची माहिती देणारं कार्यालय उघडायचं. नियम चांगले होते, पण ते मोडले तर दाद मागायला न्यायालय नव्हतं. मग ते पाळायचे का? कारण समोरच्याकडेही आपली माणसं आहेत. आपल्याकडच्या शेतीतला पैरा असाच चालतो: आज माझी बैलजोडी तुझ्या रानात, उद्या तुझी माझ्या रानात. फरक एवढाच की इथं पैरा करणारे एकमेकांवर तोफा डागत होते.

शत्रूशी थेट बोलणं तर बंद. म्हणून मध्ये तिसरा लागायचा, तटस्थ देश. ब्रिटिश साम्राज्यात अडकलेल्या जर्मनांचं हित फेब्रुवारी 1917 पर्यंत अमेरिका पाहत असे. अमेरिकेनं जर्मनीशी संबंध तोडले आणि ते काम स्वित्झर्लंडकडे गेलं. कल्पना करा: छावणीतली एक तक्रार तटस्थ वकिलातीच्या हातून बर्लिनच्या टेबलावर पोचते, तिथला अधिकारी जर्मनीतल्या ब्रिटिश कैद्यांकडे बघतो आणि मग उत्तर लिहितो. हा धागा फासही बनू शकत असे. एका बाजूनं जाच केला की दुसरी सूड म्हणून तोच जाच आपल्या ताब्यातल्या कैद्यांवर करी. पण तोच धागा कितीतरी माणसं जगवत होता.

दुसरं आश्चर्य जिनिव्हातलं. ऑगस्ट 1914 मध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनं तिथं युद्धकैद्यांसाठी एक माहिती केंद्र उघडलं. स्वयंसेवक, त्यांत बऱ्याच बाया, हातानं कार्डं लिहीत बसत. युद्ध संपेपर्यंत ती सुमारे 70 लाख झाली. पकडणारा देश यादी पाठवी, घरचे विचारणा करीत, आणि दोन कागद एका नावावर जुळले की एखाद्या आईला कळे की मुलगा जिवंत आहे. संगणक नव्हते हे लक्षात घ्या.

याच समितीनं माणसंही पाठवली. बुआसिए आणि व्हिशर हे दोघं 1916 च्या अखेरीस तुर्कस्तानातल्या छावण्या पाहायला गेले. थॉर्मेयर, शॉख आणि डॉ. ब्लाँशो हे तिघं आधी इजिप्तला आणि मग फेब्रुवारी ते एप्रिल 1917 मध्ये भारत आणि ब्रह्मदेशात आले. नगर आणि बेळगाव त्यांनी पाहिलं, राजस्थानातलं सुमेरपूर पाहिलं, ब्रह्मदेशात तुर्की कैदी ठेवलेलं थायेटम्योही पाहिलं. पुढं त्यांचे अहवाल छापून प्रसिद्ध झाले. मुंबईत उतरलेला माणूस रेल्वेनं नगरला जाणार तो दौंडवरून किंवा मनमाडवरून; दुसरी वाट नाही. युद्ध ऐन भरात असताना तीन स्विस माणसं या मुलखात शत्रूच्या कैद्यांची विचारपूस करायला आली, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवी.

28 डिसेंबर 1917 रोजी बर्न इथं ब्रिटन आणि तुर्कस्तान यांच्यात कैद्यांबद्दल स्वतंत्र करार झाला. आजारी आणि जखमींना परत पाठवायचं त्यात ठरलं. कूत पडल्याला तोवर वीस महिने झाले होते. रेल्वेच्या कामावर मेलेल्यांना त्याचा काय उपयोग! आणि 30 ऑक्टोबर 1918 च्या मुद्रोस शस्त्रसंधीनं पैराच मोडला: तुर्कांनी दोस्त राष्ट्रांचे कैदी बिनशर्त सोडायचे, तुर्की कैदी मात्र दोस्तांच्या ताब्यात राहणार. जिंकणाऱ्याला परतफेडीची भीती उरली नव्हती.

नियमांत आणखी एक मोठी फट होती. हेगचे नियम सैनिकांसाठी होते. केवळ जन्मानं जर्मन म्हणून पकडलेल्या व्यापाऱ्याला त्यात जागाच नव्हती. 1929 च्या जिनिव्हा करारानंही सैनिकांचंच संरक्षण वाढवलं. दुसऱ्या महायुद्धात नगरची छावणी पुन्हा भरली तेव्हा नाझींपासून जीव वाचवून आलेले ज्यू निर्वासित आणि नाझी समर्थक एकाच कुंपणात आले, कारण दोघांचे कागद जर्मन. कोणाला सोडायचं ते तपासायला सरकारला समिती नेमावी लागली. गिर्यारोहक हाइन्रिश हारर याच छावणीत होता; पुढं डेहराडूनच्या छावणीतून पळून तो तिबेटात पोचला.

आणि मग ऑगस्ट 1942. त्याच नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेहरू, पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव यांना डांबलं. त्यांना कुठं ठेवलंय हे सरकार सुरुवातीला सांगायलाही तयार नव्हतं. जर्मन कैद्याचं नाव जिनिव्हाला कळवायचं, त्याची दखल घ्यायला स्विस वकील यायचा. पण स्वतःच्या देशात पकडलेल्या भारतीयाची बाजू घेणारा तिसरा देशच नव्हता. मला ही त्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव वाटते.

याच काळात, आपल्या शेजारच्या गोव्यात, ती व्यवस्था पूर्ण बहरलेली दिसली. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून मुरगाव बंदर निवडलं गेलं. ऑक्टोबर 1943 मध्ये ग्रिप्सहोम हे स्वीडिश जहाज अमेरिका खंडातले जपानी घेऊन आलं आणि तेइया मारू हे जपानी जहाज अमेरिकन, कॅनेडियन आणि इतर नागरिक घेऊन आलं. दोन्हीकडे सुमारे 1,500 माणसं. अमेरिकेच्या वतीनं स्वित्झर्लंडनं आणि जपानच्या वतीनं स्पेननं महिनोन् महिने नावांच्या याद्यांवर घासाघीस केली होती. पाणबुड्यांनी भरलेल्या समुद्रातून ही जहाजं रात्री दिवे लावून, उजळून आली, कारण दोन्ही शत्रूंनी त्यांना वाट देण्याचं वचन दिलं होतं. 19 ऑक्टोबरला माणसं बदलली. ग्रिप्सहोममधून आलेली रेड क्रॉसची औषधं आणि अन्न, जपानच्या ताब्यातल्या कैद्यांसाठी, तेइया मारूवर चढवलं गेलं. वचन त्या फेरीपुरतं होतं: ऑगस्ट 1944 मध्ये अमेरिकन पाणबुडीनं हेच तेइया मारू बुडवलं.

नागरिकांसाठीची फट 12 ऑगस्ट 1949 च्या चौथ्या जिनिव्हा करारानं बुजवली. भारतानं तो 1950 मध्ये मान्य केला आणि 1960 मध्ये त्यासाठी कायदा केला.

शिरूर-दौंडकडच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घराण्यातलं कोणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, जाऊन परतलं नसेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर त्याचं नाव शोधा. हिंदी शिपायांच्या अनेक नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो. शिरूरसाठी जुनं सिरूर हे रूप वापरून पाहा. दौंडसाठी भीमथडी शोधा, कारण तेव्हा हा भाग भीमथडी तालुक्यात होता. जिनिव्हाच्या समितीनं पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डंही संकेतस्थळावर खुली केली आहेत. आणि घरातल्या पेटीत युद्धकैद्याचं एखादं जुनं पत्र असेल, तर ते रद्दीत देऊ नका; पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला किंवा नगरच्या वस्तुसंग्रहालयाला दाखवा.