नवागतांचा पहिला सोबती

पावसाळ्याच्या सुमारास महाविद्यालयांची आवारे नव्या चेहऱ्यांनी गजबजू लागतात. स्वागतसमारंभ होतो, भाषणे होतात, छातीवर फीत लावलेले स्वयंसेवक खुर्च्या मांडतात आणि पुष्पगुच्छ पुढे करतात. कार्यक्रम यथासांग पार पडल्याचा अहवालही तयार होतो. दुसऱ्या दिवशी मात्र खेड्यातून आलेला एखादा विद्यार्थी, शिष्यवृत्तीच्या अर्जाला कोणते दाखले जोडावेत हे विचारण्याच्या संकोचाने, कार्यालयाबाहेरच्या व्हरांड्यात घुटमळत असतो. त्याची खरी गरज समारंभ संपल्यावर सुरू होते.

या विद्यार्थ्याला प्रथम भेटतो तो वरच्या वर्गातील विद्यार्थी. तो छळणारा निघतो की सोबती, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. छळाच्या बंदोबस्तासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये कायदा करून दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या राघवन समितीचा अहवाल २००७ मध्ये आला आणि २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले. विद्यार्थी आणि पालक यांच्याकडून घेतली जाणारी हमीपत्रे त्या नियमांमुळे सर्वांच्या परिचयाची झाली आहेत.

त्याच नियमांत आणखी एक तरतूद आहे. तिची चर्चा मात्र क्वचितच ऐकू येते. प्रत्येक संस्थेने शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस, पुढील वर्षीच्या नवागतांसाठी, स्वेच्छेने पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक कक्ष स्थापन करावा. सहा नवागतांमागे एक मार्गदर्शक आणि अशा सहा मार्गदर्शकांमागे वरच्या वर्गातील एक, असे प्रमाण ठेवावे, असे ती सांगते. म्हणजे एकशेवीस नवागतांच्या वर्गाला वीस मार्गदर्शक हवेत. नवागतांना शक्यतो निराळ्या वसतिगृहात ठेवावे, असे सांगणारी हीच नियमावली वरच्या वर्गातील विद्यार्थ्याच्या हाती नवागताचा हातही देते. यात विसंगती नाही. भिंत भय थोपवू शकते, विश्वास निर्माण करू शकत नाही.

विश्वास निर्माण व्हायचा तर निवड विचारपूर्वक व्हावयास हवी. व्यासपीठ गाजवणारा विद्यार्थी उत्तम सूत्रसंचालक असेल, तो उत्तम मार्गदर्शक असेलच असे नाही. मराठी माध्यमातून येऊन पहिल्या सहामाहीत इंग्रजी व्याख्यानांपुढे गोंधळलेली, एका विषयात अनुत्तीर्ण होऊन सावरलेली मुलगी या कामासाठी अधिक योग्य ठरेल. कोठे ठेच लागते, हे तिला ठाऊक असते. अशांना आधी थोडे प्रशिक्षण द्यावे. कोणते प्रश्न आपण सोडवावेत आणि आजार, आर्थिक अडचण वा खोल नैराश्य दिसल्यास विलंब न लावता कोणत्या अध्यापकाकडे वा समुपदेशकाकडे जावे, ही मर्यादा त्यांना स्पष्ट असली पाहिजे. वीस वर्षांच्या मुलावर वैद्याची जबाबदारी टाकणे हा दोघांवरही अन्याय होईल.

विद्यार्थ्यांनी विनामूल्य राबावे काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. कार्यालयातील रिक्त जागांचे काम स्वयंसेवकांच्या गळ्यात मारणे गैरच. परंतु सहा सोबत्यांची नावे लक्षात ठेवणे, पहिल्या आठवड्यात त्यांच्याबरोबर खाणावळीत जेवणे, दुसऱ्या महिन्यात कोण वर्गात दिसत नाही याची चौकशी करणे, हे काम पगारी नोकर करू शकत नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने विद्यार्थ्यांना गावोगाव श्रमदानाला नेले. आपल्याच वर्गाच्या दाराशी उभा असलेला नवागत ही देखील सेवेचीच जागा आहे.

नेतृत्व म्हणजे निवडणूक, फलक आणि घोषणा, असे समीकरण आपल्याकडे रूढ झाले आहे. व्हरांड्यात घुटमळणाऱ्या त्या विद्यार्थ्याला कोणी नावाने हाक मारली आणि दाखल्यांची यादी समजावून सांगितली, तर नेतृत्वाचा पहिला धडा दोघांनाही त्याच क्षणी मिळेल. पुढच्या वर्षी हाक मारणारा कदाचित तोच असेल.