सूर्यास्ताआधीची फळांची वाटी

मार्गशीर्ष उजाडला की आपल्या व्यापारी कुटुंबांत दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. लग्नसराईमुळे दुकानातील गर्दी वाढते आणि दिवस लहान होतो. पुण्यात ज्येष्ठ-आषाढात सात वाजून गेल्यावर मावळणारा सूर्य या दिवसांत सहाच्या सुमारासच दिसेनासा होतो. ज्या घरात चौविहाराचा नियम आहे, तेथील कर्त्या पुरुषापुढे मग रोजचा पेच उभा राहतो. गिऱ्हाईक येण्याची वेळ आणि जेवणाची वेळ नेमकी एकच असते.

आमचे दुकान कापडाचे. मामंजींनी गादीवर असताना हा नियम कधी चुकू दिला नाही. त्या काळी दुकान घराच्या खालीच होते. मुनीमजींवर गल्ला सोपवून ते पंधरा मिनिटांत जेवून येत. पुढे दुकान दूरच्या रस्त्यावर गेले, गादी यजमानांकडे आली आणि हिवाळ्याच्या दिवसांत नियम सुटू लागला. घरात त्यांना कोणी बोलले नाही. आजेसासूबाई मात्र पावणेसहाला दाराकडे पाहत आणि दिवेलागण झाली की नजर वळवून माळ हाती घेत. त्या पाहण्यात रागाचा लवलेश नव्हता. म्हणूनच ते आम्हा सर्वांना अधिक जड वाटे.

दुकानात पानावर बसून जेवणे शक्य नव्हते. गिऱ्हाइकांसमोर भाजी-आमटीचा डबा उघडणेही बरे दिसत नाही, आणि तेलकट हात कापडाला लागण्याचे भय वेगळेच. पाठीमागच्या खोलीत दहा मिनिटांत खाता येईल, पोटाला आधार देईल आणि जड होणार नाही असे काय धाडावे, या विचारातून फळांची कोशिंबीर सुचली. सोबत दोन खाखरे.

पहिला दिवस फसला. मी चार वाजता फळे चिरली, त्यांत मीठ, साखर व जिरेपूड कालवली आणि डबा धाडला. साडेपाचला तो उघडला तेव्हा सफरचंद तांबूस पडले होते, केळ्याचा लगदा झाला होता आणि तळाशी खारट पाणी साचले होते. डबा अर्धा परत आला. तो पाहून आजेसासूबाई एवढेच म्हणाल्या, “अगं, माझ्यासाठी फळं ठेवतेस ना, तशीच त्याचीही ठेव. मीठ मी कधी आधी घालू देते का तुला?”

त्यांना सचित्ताचा त्याग आहे. पिकलेले फळ चिरून, त्यातील बी पूर्णपणे काढून दोन घडी, म्हणजे 48 मिनिटे, झाकून ठेवल्यावरच त्या ते घेतात. इतकी वर्षे मी त्यांच्या फळांना त्यांच्या व्रतापुरतीच गोष्ट समजत होते. त्या वाटीतील फळांची चव अधिक उतरलेली असते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. त्या दिवसापासून घरात एकच पातेले भरू लागले आणि आजी, नातू व मुले एकाच पातेल्यातील फळे खाऊ लागली.

ऋतूचे देणे आणि आपली मर्यादा

अनेक श्वेतांबर घरांत फाल्गुन चौमासीपासून कार्तिकी चौमासीपर्यंत पालेभाज्या, खजूर आणि तीळ वर्ज्य असतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर ते पुन्हा स्वयंपाकघरात येतात. त्याच सुमारास बाजारात नागपूरची संत्री, डहाणू-घोलवडचे चिकू, पपई, आवळे आणि उत्तरेकडील सफरचंदे असतात. जळगावची केळी तर बाराही महिने. फळांच्या कोशिंबिरीस याहून अनुकूल काळ नाही.

याच बाजारात काही फळे आपण हात न लावता पुढे जातो. पुरंदरचे अंजीर कितीही रसाळ दिसले तरी ते उंबराच्या कुळातील फळ आहे, त्याच्या पोकळीत सूक्ष्म जीव असतात. बोर तुच्छफळांत मोडते, खाण्याजोगे थोडे आणि टाकण्याजोगे फार. डाळिंब, पेरू व महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांतील बी वेगळे काढता येत नाही. म्हणून आमच्याकडे या फळांना मुख्य पातेल्यात जागा नाही. ज्यांना त्याग नाही त्यांच्यासाठी डाळिंबाचे दाणे वेगळ्या वाटीत ठेवतो. गोडीसाठी मध नाही, आणि आले कंद असल्याने त्याच्या जागी सुंठ. परंपरेप्रमाणे या बाबतीत घराघरांत फरक असतो; आपल्या गुरुमहाराजांनी सांगितले असेल तेच प्रमाण मानावे.

साहित्य (सहा जणांसाठी)

संत्री 5, आवळा 1, सफरचंदे 2, पिकलेले पण घट्ट चिकू 4, लहान पपई अर्धी, केळी 2, खजूर 8. मसाल्यासाठी भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा, मिरपूड व सुंठपूड प्रत्येकी पाव चमचा, सैंधव चवीपुरते, पिठीसाखर दोन चमचे. वरून पेरण्यास भाजलेले तीळ एक मोठा चमचा.

कृती

सर्व फळे गाळलेल्या पाण्याने धुऊन कोरडी पुसून घ्यावीत. दोन संत्र्यांचा रस काढून गाळावा, म्हणजे एकही बी राहणार नाही. आवळा किसून, कीस मुठीत पिळून त्याचा रस संत्र्याच्या रसात मिसळावा. हा रस रुंद पातेल्यात प्रथम ओतावा आणि मगच चिरण्यास बसावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. चिरलेल्या सफरचंदाला हवा लागली की ते तांबूस पडते. आंबट रसात ताबडतोब बुडविल्यास ही क्रिया मंदावते. म्हणून सफरचंदाच्या फोडी विळीवरून थेट रसात पडाव्यात.

त्यानंतर उरलेल्या तीन संत्र्यांच्या फाकी सोलाव्यात. वरचा पातळ पापुद्रा व बिया काढून आतील गर अखंड ठेवावा. हे काम किचकट आहे, परंतु पापुद्रा राहिला तर कोशिंबीर कडवट लागते. चिकूच्या काळ्या बिया काढून प्रत्येकाच्या आठ फोडी कराव्यात. पपईतील बिया चमच्याने पूर्ण खरवडून घ्याव्यात. खजूर मधोमध उघडून आत कीड नाही याची उजेडात खात्री करावी, बी काढावे आणि लांबट काप करावेत. सारे हलक्या हाताने एकदाच वरखाली करून पातेले झाकावे.

येथून दोन घडी थांबायचे. आमच्या घरी याच वेळी आजेसासूबाई सामायिकास बसतात. सामायिकाची मर्यादाही 48 मिनिटांचीच, त्यामुळे मला वेगळे घड्याळ लावावे लागत नाही. या वेळात खजुराचा गोडवा रसात उतरतो, चिकूचा कोरडेपणा जातो आणि सफरचंदात संत्र्याची चव मुरते. व्रतासाठी जी प्रतीक्षा करायची, तीच स्वयंपाकाच्या दृष्टीनेही योग्य ठरते.

सामायिक पारून झाले की केळी सोलून जाड चकत्या कराव्यात व पातेल्यात घालाव्यात. पिकल्या केळ्यासाठी आमच्याकडे वेगळे थांबावे लागत नाही, आणि ते शेवटी घातल्याने त्याचा लगदाही होत नाही. मीठ व साखर यांच्यामुळे फळांना पाणी सुटते. म्हणून मसाला अगदी खाण्याच्या क्षणीच घालावा. दुकानाच्या डब्यासोबत मसाल्याची व तिळाची पुडी वेगळी बांधून द्यावी.

वेळेचे गणित

मार्गशीर्ष-पौषात आमचा क्रम असा आहे: दुपारी 4 वाजता चिरण्यास प्रारंभ, 4.20 ला पातेले झाकणे, 5.10 ला केळी घालणे आणि लगेच डबा रवाना. साडेपाचला तो दुकानात पोहोचतो आणि पावणेसहाच्या आत खाणे व पाणी दोन्ही आटोपते. आपल्या गावचा सूर्यास्त पंचांगात पाहून हे गणित मागे-पुढे करावे. एवढे मात्र निश्चित की, चिरण्यास पाच वाजता बसले तर हिवाळ्यात हे साधत नाही.

काही सूचना

बाहेरच्या समारंभांत ‘फ्रूट सॅलड’ या नावाने दुधातील कस्टर्ड मिळते. त्यातील जेलीच्या तुकड्यांत जिलेटिन असू शकते आणि ते प्राणिजन्य असते, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नये. घरी करताना वरील कोशिंबिरीत दूध वा साय मिसळू नये. संत्रे व आवळा यांच्या आंबटपणाने दूध फाटते. चिरलेली फळे रात्रभर शीतकपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी वापरू नयेत. माणसे मोजूनच फळे घ्यावीत, म्हणजे उरण्याचा प्रश्नच येत नाही. मधुमेह असलेल्यांच्या वाटीत साखर व खजूर न घालता सफरचंद, पपई व संत्रे अधिक ठेवावे आणि प्रमाण वैद्यांना विचारून ठरवावे.

गेल्या हिवाळ्यात सगळेच दिवस साधले असे मी म्हणणार नाही. लग्नाचा बस्ता घेण्यासाठी मोठे कुटुंब येऊन बसले की यजमानांना उठता येत नाही, आणि अशा दिवशी डबा भरलेलाच परत येतो. त्या रात्री काय करायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न. घरात त्यावर चर्चा होत नाही. परंतु जेथे आठवड्यातून एखादाच दिवस नियम पाळला जाई, तेथे आता एखादाच दिवस तो सुटतो.

आजेसासूबाई आता दाराकडे पाहत नाहीत. सव्वासहाला दुकानातील मुलगा सायकलवरून डबा घेऊन येतो. त्या तो माझ्या हातात जाऊ देत नाहीत. स्वतः झाकण उघडतात, आत पाहतात आणि मग प्रतिक्रमणास बसतात.