माशांच्या टाकीत औषध किती घालावे?

ईदीच्या पैशांतून मुलांनी आणलेले मासे चार दिवस आनंदाने पोहतात. मग एका रविवारी आपण टाकी लख्ख धुतो, नळाचे ताजे पाणी भरतो आणि दुसऱ्या दिवशी मासे उलटे तरंगताना दिसतात. दोष माशांना किंवा दुकानदाराला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण पाण्यातच असते.

नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते. आपल्याला ते बाधत नाही, पण माशांचे नाजूक कल्ले त्याने भाजल्यासारखे होतात. दुकानात 'अँटी-क्लोरीन' म्हणून मिळणारे औषध हा क्लोरीन निकामी करते. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असते आणि ते काही मिनिटांतच काम करते.

प्रश्न मात्रेचा आहे. आपण टोपणाने अंदाजे ओततो, तसे करू नये. आधी टाकीत पाणी किती मावते ते काढावे. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणावी व १००० ने भागावे. ६० लांब, ३० रुंद आणि २५ उंचीपर्यंत भरलेल्या टाकीत ४५ लिटर पाणी होते. खडे, शोभेच्या वस्तू वजा करता ४० लिटर धरावे.

सगळे पाणी एकदम बदलू नये. पाव भाग, म्हणजे १० लिटर पुरे. ते बादलीत घेऊन औषध बादलीतच घालावे. बाटलीवर १० लिटरला २ मि.लि. लिहिले असेल, तर सुई काढलेल्या सिरिंजने नेमके २ मि.लि. मोजावे. नीट ढवळून, थोडे थांबून, मग टाकीत सोडावे. नळाचे पाणी थेट टाकीत भरणार असाल, तर मात्रा पूर्ण टाकीच्या हिशोबाने घ्यावी, असे बऱ्याच बाटल्यांवर सांगितलेले असते. ते वाचावे.

जास्त औषध म्हणजे जास्त सुरक्षितता नव्हे. काही औषधे प्रमाणाबाहेर पडली की पाण्यातला प्राणवायू कमी करतात. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर हवेचा पंप लगेच सुरू करावा आणि आणखी कोणतेही औषध ओतू नये. औषध घालायचेच राहून गेले असेल, तर मात्र योग्य मात्रा ताबडतोब घालावी.

औषध नसेल तर उघड्या बादलीत पाणी २४ तास ठेवल्यास क्लोरीन बहुतेक उडून जातो. पाण्यात क्लोरामाइन असेल, तर हा उपाय चालत नाही. विहिरीच्या पाण्याला हे औषध लागत नाही; पण विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली असेल, तर लागते.

फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुऊ नये. त्यात माशांची घाण पचवणारे उपयोगी जीवाणू असतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळावा.

मुलांना हे मोजमाप स्वतः करू द्यावे, आपण शेजारी उभे राहावे. औषधाची बाटली मात्र लहानग्यांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. मुके जीव घरात आणले, की त्यांच्या पाण्याची काळजी आपल्यावरच आली.